छाट

कच्. थोड्या वेळाने पुन्हा कच्.

दुपारच्या निवांतात कात्री वाजत होती, आणि कात्री चालवणारी शालन तर इकडे चुलीपाशी भांडी पुसत होती. ती उठून दाराशी आली. उंबऱ्यालगत पुतळी बसली होती. सात वर्षांची पोर, बारीक पडलेला डावा पाय एका अंगाला टाकलेला, मांडीवर आईचं बिड्यांचं सूप. पत्र्याचा फर्मा दाबून, जीभ दातात धरून तेंदूचं पान कापत होती.

"तुजं बोट ठणकतंय न्हवं? म्हनून म्या केल्या. सात!"

शालनने बिड्या हातात घेतल्या. एक पोटात फुगलेली, एक तोंडाशी उघडी, एकीचा दोरा सैल. मनात काही यायच्या आधीच तिच्या बोटांनी पहिलीचा दोरा सोडला, तंबाखू सुपात झटकली, पान सारखं केलं. मग दुसरी. मग तिसरी. पुतळी बघत राहिली.

शालनचं सगळंच असं. शेजारणीने घातलेली पोरीची वेणी ती सोडून नव्याने घालायची. घासलेला तांब्या उन्हात धरून पुन्हा घासायची. हजार बिड्यांत तिची एकही छाट, म्हणजे कारखान्याने नाकारलेली बिडी, निघायची नाही. नवरा नागनाथ गिरणीतून आला की हसायचा, "तुज्या हाती दिला तर देवबी छाट हुईल की गं!"

चार वर्षांपूर्वी तापात पुतळीचा पाय गेला आणि त्याचं ते हसणं बंद झालं. तेव्हापासून रोज सकाळी तेल लावून चोळणं आणि रोज दुपारी तासभर पाय फळीला बांधणं. पोर रडली की शालन पट्टीचा आणखी एक वेढा द्यायची. "सरळ झाला पायजे, बाय. सरळच झाला पायजे."

परवा इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तो पाय हातात घेतला, पट्टीचे वळ पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "आता पुरे करा. व्हायचा तेवढा झाला. तिला अशीच चालू दे."

शालनने मान डोलावली होती. आणि काल दुपारी फळी बांधलीच होती.

"समद्याच सोडतीस व्हय?" पुतळीने विचारलं. तक्रार नव्हती त्यात. पाय पुढे करून फळीची वाट बघतानाही ती याच आवाजात बोलायची.

शालनचा हात थांबला. सातवी तेवढी उरली होती, सगळ्यांत वाकडी. ती तिने तशीच पंचवीसच्या कट्ट्यात घातली, चोवीस सारख्या बिड्यांच्या मधोमध, आणि वरून दोरा बांधला. फळी त्या दिवशी भिंतीलाच टेकून राहिली.

संध्याकाळी कट्टे टोपलीत भरून दोघी कारखान्यात गेल्या. चेकर धोंडीराम खिडकीशी बसून कट्टे तपासायचा. वाकडी, सैल बिडी दिसली की बाजूच्या डब्यात. ती छाट. शालनचे कट्टे एरवी तो न बघताच पुढे सरकवायचा. आज त्याचं बोट अडलं.

"शालनबाई, ही तुमची न्हाय."

"शालनच्यात छाट?" रांगेतून रंभाबाई खिदळली. "कंदील आना गं कुनीतरी, डोळे भरून बघू तरी द्या!"

"कुनाची तरी मिसळली आसंल," धोंडीराम म्हणाला. त्याला तिला सोडवायचंच होतं. "व्हय म्हना, म्हंजी झालं."

शालनचे कान तापले. बारा वर्षांत या खिडकीशी तिने मान खाली घातली नव्हती. पदर धरून पुतळी शेजारी उभी होती, सगळा भार एका पायावर देऊन.

"न्हाय भाऊ," शालन म्हणाली. "माजीच हाय ती."

 धोंडीरामने बिडी उचलून डब्यात टाकली.

परतताना गिरणीचा भोंगा झाला. रस्ता माणसांनी भरला. रोजच्यासारखं 'पाय सरळ टाक' असं शालन म्हणाली नाही. पोरीचं पाऊल पडेपर्यंत थांबत होती, मग आपलं टाकत होती.  मग पुतळीने आईच्या कडेवरची रिकामी टोपली हळूच ओढली.

"आई, छाट झालेल्यांचं फुडं काय करत्यात गं?"