भाऊजींचं न ऐकता केलेली दुरुस्ती

आईचा जुना कॉम्प्युटर मी दुरुस्त केला. सीडी चालत नव्हती, पेनड्राइव्हला तो ओळख दाखवत नव्हता, तरी मी त्यात नव्याने ऑपरेटिंग सिस्टिम घातली आणि आता तो ठणठणीत आहे.

असं काही झालेलं नाही. आमच्या घरात कोणालाही विचारा.

तर आई भरतकाम करते. म्हणजे भरतकाम मशीन करतं, आई मशीनला ओरडते. शाळांचे बॅज, हॉटेलांचे टॉवेल, कोणाच्या तरी कुत्र्याच्या कोटावर कुत्र्याचं नाव. डिझाइन कॉम्प्युटरवर काढायचं आणि एका रुंद केबलमधून मशीनला पाठवायचं. ती केबल लावायची जागाच नव्या कॉम्प्युटरना नसते. त्यामुळे आईचा म्हातारा कॉम्प्युटर बदलता येत नाही. आणि तो अडला की आईने मला हाक मारायची, ही माझी या घरातली एकमेव नोकरी. पगार नव्हता, मान होता. "आमच्या ह्याला विचारा, त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं," असं आई लोकांना सांगायची. मला सगळं कळत नव्हतं. पण लोकांना काहीच कळत नव्हतं, त्यामुळे निभावून जायचं.

मग ताईचं लग्न झालं आणि भाऊजी आले.

भाऊजींबद्दल माझी काहीच तक्रार नाही, आणि हीच माझी तक्रार आहे. माणूस हळू बोलतो, समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देतो, जेवल्यावर स्वतःचं ताट उचलतो. आणि पोटापाण्यासाठी एका कंपनीतले कॉम्प्युटर दुरुस्त करतो. जगात दंतवैद्य होते, नकाशे काढणारे होते, जहाजावरचे खलाशी होते. ताईला नेमका माझ्याच खात्यातला माणूस सापडला.

रविवारी ती दोघं आलेली असताना आईचा कॉम्प्युटर बसला. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ, काहीतरी फाइल सापडत नाही म्हणून. आईने हाक मारली, "जरा येऊन बघता का?"

मी चप्पल न घालता धावलो. पोचल्यावर लक्षात आलं, आई मला 'बघता' म्हणत नाही. भाऊजी आधीच खुर्चीत बसले होते. माझ्या खुर्चीत. ती पाठीला टोचते, पण त्यांना टोचत नव्हती.

"सीडी ड्राइव्ह?" भाऊजींनी विचारलं.

"उघडत नाही. त्यात सुई पडलीय," मी म्हणालो.

"सुई?"

"आईला तो ट्रे सुया ठेवायचा वाटला."

"ठेवायचाच आहे तो," आई म्हणाली. "एवढा छान बाहेर येतो."

"पेनड्राइव्हवरून सुरू होईल?"

"नाही. गरीब नातेवाईक भेटल्यासारखं करतो, बघतच नाही."

भाऊजी विचार करू लागले. ते विचारही शांतपणे करतात. त्यांचं तोंड उघडतंय असं दिसताच मी ओरडलो, "ह्याची डिस्क काढायची, माझ्या कॉम्प्युटरला लावायची, तिथे पेनड्राइव्हवरून सिस्टिमच्या फाइली कॉपी करायच्या! पहिल्या रीस्टार्टच्या आत बंद करायचं आणि डिस्क परत इथे! उरलेलं काम हा स्वतः करतो!"

"अगदी बरोबर," भाऊजी म्हणाले.

"बघ," आई मला म्हणाली, "कसं चटकन सुचलं त्यांना."

मी ताईकडे पाहिलं. ताई माझी सख्खी बहीण आहे. ती भाऊजींकडे पाहून कौतुकाने हसत होती.

"तूच कर," भाऊजी म्हणाले. "मी मध्ये येत नाही. फक्त तुझी स्वतःची डिस्क आधी काढून ठेव. दोन्ही लावलेल्या असल्या की गोंधळ होतो."

हे मला माहीत होतं. त्यांनी सांगायच्या आधीपासून माहीत होतं, मी मनात तेच ठरवलं होतं. पण आता ते केलं असतं तर ते भाऊजींचं ऐकून केलं, असं झालं असतं. मला स्वतःचीच अक्कल वापरायची चोरी झाली. म्हणून मी खोलीत जाऊन, दार लावून, दोन्ही डिस्क जोडल्या.

आता या दोन डिस्क जुळ्या. आईची जुनी डिस्क गेली तेव्हा मी एका कंपनीच्या, एका आकाराच्या दोन आणल्या होत्या, एक तिला आणि एक मला, मायलेकरांना शोभेल म्हणून. सेटअपने विचारलं, सिस्टिम कुठल्या डिस्कवर घालू? पडद्यावर दोन ओळी, अगदी सारख्या. नीट बघितलं असतं तर ओळखता आलं असतं. पण तेवढ्यात बाहेरून आईचं हसणं ऐकू आलं. भाऊजींनी काहीतरी विनोद केला होता. माझ्या विनोदावर आई हसत नाही, ती "पुरे" म्हणते. भाऊजी नक्की काय म्हणाले असतील याचा विचार करता करता मी वरची ओळ निवडली आणि बटण दाबलं. ती डिस्क सगळी पुसू का, असंही त्याने विचारलं. पूस म्हटलं.

फाइली कॉपी झाल्या. मी वेळेवर बंद केलं, आईची डिस्क बाळ आणावं तशी दोन्ही हातांत घेऊन आलो, बसवली आणि मागे सरून उभा राहिलो. टाळ्यांसाठी थोडी जागा ठेवली.

काळा पडदा. पांढरी अक्षरं. तीच ओळ.

"असं कसं झालं?" भाऊजी म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही आनंद नव्हता. मी शोधला.

तेवढ्यात ताईचा माझ्या खोलीतून आवाज आला. ती लग्नाचा व्हिडिओ बघायला म्हणून माझा कॉम्प्युटर सुरू करून बसली होती. "अरे, तुझा कॉम्प्युटर आपल्या लहानपणीचा झालाय!"

"काही दाबू नकोस, बंद कर तो," भाऊजी तिला म्हणाले आणि मग माझ्याकडे वळून, फार मायेने, "तुझी डिस्क काढली नव्हतीस का?"

वरची ओळ माझ्याच डिस्कची होती. माझे फोटो, माझी गाणी, लग्नाचा व्हिडिओ, सगळं गेलं होतं. व्हिडिओ मी कापून नीटनेटका करून देणार होतो. ते काम रखडलं होतं, कारण कुठूनही कापलं तरी भाऊजी चांगलेच दिसत होते.

"माझ्या लग्नाचा व्हिडिओ!" ताई किंचाळली.

"माझ्याकडे कॉपी आहे," भाऊजी म्हणाले.

असणारच.

मग आई म्हणाली, "आणि माझी डिझाइनं?"

आईची सगळी डिझाइनं आईच्या डिस्कवर होती आणि दुसरीकडे कुठेही नव्हती. सेटअप आधी डिस्क धुऊन काढतो, मग सिस्टिम घालतो. मी भाऊजींचं ऐकून माझी डिस्क काढली असती, तर आईचीच पुसली गेली असती. शाळा, टॉवेल, कुत्रे, सगळं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्याही आलं नव्हतं. भाऊजींचा चेहरा पहिल्यांदाच पडलेला पाहिला. पडलेलाही बरा दिसत होता.

आम्ही माझी डिस्क आईच्या कॉम्प्युटरमध्ये पहिली लावली आणि आईची दुसरी. उरलेली सिस्टिम चढली. डिझाइनं जागच्या जागी होती, भरतकामाचा प्रोग्रामही तिच्याच डिस्कवरून पुन्हा घातला. मशीनने खडखड करत एका शाळेचा बॅज भरायला घेतला.

हीच वेळ होती. मी घसा साफ केला. पण 'तुमचं ऐकलं नाही म्हणून वाचलं' म्हटलं असतं, तर 'का ऐकलं नाहीस' हा पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर चारचौघांत देण्यासारखं नव्हतं.

शेवटी भाऊजीच बोलले. "आई, चूक माझी होती. डिझाइनांचं विचारायलाच विसरलो. ह्याने माझं ऐकलं असतं तर सगळं पुसलं गेलं असतं. वाचलं ते फक्त ह्याच्यामुळे."

मला त्या क्षणी ते जवळजवळ आवडले. आईने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

"किती मोठं मन!" ती म्हणाली. "दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेतात. नाहीतर हा. डिस्क काढ सांगितलं तर तेवढंही नाही केलं."

आणि तिने मावशीला फोन लावला. "अगं, जावयांनी सीडीशिवाय सुरू केला कॉम्प्युटर. आणि वर म्हणतात कसे, मी काहीच केलं नाही! असा माणूस शोधून सापडणार नाही."

सबब, मातोश्रींना नम्र विनंती की, भाऊजींचा चांगुलपणा तात्काळ प्रभावाने रद्द करण्यात यावा. ते शक्य नसल्यास त्यांच्या हातून निदान एक चूक अशी करवून घ्यावी, जी कबूल केल्याने त्यांची किंमत वाढणार नाही. आणि याबाबत अंतिम निर्णय होईपर्यंत, मशीन अडल्यास पहिली हाक अर्जदारासच मारण्यात यावी, व ती मारताना जावयासाठी राखून ठेवलेला आवाज वापरण्यात यावा.