सहावं पान

साक्षीचा पाय लागला आणि चुलीजवळची पितळी वाटी टणटणत दारापर्यंत गेली. एरवी केसरबाई नातीवर खेकसली असती. आज तिनं वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती लेकाकडे बघत होती.

नवं खायचा दिवस होता. सकाळी गायत्यानं, गावच्या पुजाऱ्यानं, गावदेवाला नवं धान वाहिलं. मग घरोघर पळसाची पानं मांडली गेली. सून चंदानं चार पानं ओळीनं मांडली होती, आणि कोपऱ्यात, भिंतीशी, एक मेलेल्या सासऱ्याचं. ते आज्याचं पान वाढायचा मान साक्षीला होता. आता घरच्या कर्त्यानं पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी. आणि कर्ता, म्हणजे लोकेश, गुडघ्यावर हात ठेवून भाताकडे नुसता बघत बसला होता.

"काऊन रे, मुहूर्त पाहून राह्यला का?" केसरबाई म्हणाली. "पोरगी भुकेली हाये. तिकडं नाई नाई ते खाऊन आला, आता मायच्या घरचा भात गोड लागत नाई वाटते!"

टोमणा लाडातलाच होता. लोकेश शांतिसेनेतून दक्षिण सुदानला गेला होता, परत येऊन दोन महिने झाले होते. तिकडून दर रविवारी मोबाइलवर तो खाण्याच्याच गोष्टी सांगायचा. ज्वारीचं पीठ आंबवून केलेले कागदासारखे पातळ पोळे, लाकडागत वाळलेली नदीतली मासळी. पलटणीतली पोरं डब्यातलं रेशन आणि घरचं लोणचं सोडत नसत. "आपुन लाल मुंग्यांची चटणी खाल्लेली मानसं, आपल्याले कायचं भेव?" असं म्हणत हा तिथल्या गावकऱ्यांत मांडी घालून बसायचा. पोरं त्याला जंगली म्हणायची. तेही तो हसून सांगायचा.

आता म्हणाला, "मले नको. तुमी खा."

"तुमच्या आधी कसं खाऊ आमी?" चंदा म्हणाली.

त्यानं मान वर केली. "मागच्या वर्षी तूच नाई म्हनलं होतं. आठवते?"

चंदाला आठवलं. भादवाच होता. गावात मयत झाल्यामुळं नवं खाणं पंधरा दिवस पुढं गेलं होतं. त्यात साक्षी तापानं फणफणलेली. तिकडं लोकेश एका खेड्याच्या विहिरीपाशी पहाऱ्यावर होता, आणि कडेवर पोर घेतलेली एक काटकुळी बाई त्याच्यासाठी वाटी घेऊन आली होती. तिच्या शेतातली पहिली ज्वारी, दलदलीतल्या कमळाच्या बियांसोबत कुटून शिजवलेली. करड्या रंगाचा गोळा. त्यानं मोबाइल फिरवून कौतुकानं दाखवला. चंदा पोरीच्या कपाळावर ओली पट्टी धरून होती. ती पटकन म्हणाली, "नवं हाये ना ते? खाऊ नका. आपल्या घरी नवं झालं नाई अजून. पोरीवर काई आलं म्हंजे?"

त्यानं छातीला हात लावून वाटी परत केली होती. संध्याकाळी साक्षीचा ताप उतरला, आणि एवढ्या लांब राहूनही हा माणूस आपलं ऐकतो, या सुखात चंदा कितीतरी दिवस होती.

"ते बाई वाटी धरून उभीच राह्यली," लोकेश म्हणाला. "समजवाले भाषा कुठी होती माझ्याजवळ? तिले वाटलं असन, हा किळसला. दुसऱ्याच दिवशी तिकडं गोळीबार झाला. आमची गाडी आठ दिवसानं पोचली. झोपड्या होत्या, चुली होत्या, मानूस एक नाई. मेली का पळून गेली, कोनालेच मालूम नाई. सगळ्यायच्या हातचं खाल्लं मी, माय. तिचंच तेवढं परत केलं."

केसरबाईनं पदर तोंडाला लावला.

चंदाला म्हणायचं होतं, पोरीच्या जिवासाठीच बोलले मी. पण त्या बाईच्या कडेवरही पोरच होतं. ती उठली. दाराशी उरलेलं पळसाचं एक पान धुतलं आणि आपल्या पानावरचा अर्धा भात त्यावर काढला.

"तिचंबी मांडू," ती म्हणाली. "मंग घ्या तुमी घास."

लोकेशनं मान हलवली. बोटं भातात घातली, पण उचलली नाहीत. पान मांडलं जायची तो वाट बघत होता.

साक्षी तुरुतुरु आली. आज्याच्या पानाचा मान आपला, म्हणून तिनं आईच्या हातून ते सहावं पानही दोन्ही हातांनी घेतलं. दोन पावलं कोपऱ्याकडे गेली, थबकली, ओळीकडे वळली, पुन्हा थबकली.

"माय, हे कुठी ठेवू?" तिनं विचारलं. "आज्याजवळ, का आपल्या रांगेत?"