इजिप्तचं सरकार आणि माझी पाठ

मी एक तीन घड्यांचा पुठ्ठा बोलतोय. इजिप्तचं अख्खं सरकार अंगावर घेऊन अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या एका शाळेत मिरवलो, आणि तेही चुकीचं! हसा, हसा, मलाही हसू येतं.

'इजिप्तची राज्यव्यवस्था' हा प्रोजेक्ट सातवीतल्या उर्वीचा. पण आपल्याकडे मुलांचे प्रोजेक्ट आईबापच करतात ना! तिचे बाबा कृष्णा हे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची सजावट करणारे. थर्मोकोलचे पिरॅमिड काय, सोनेरी झालर काय, मला असं नटवलं की पुढ्यात मोदक ठेवायचेच बाकी होते.

मधोमध त्यांनी पंतप्रधान चिकटवले, भलेमोठे. राष्ट्रपती कोपऱ्यात, नावापुरते.

"बाबा, तिथे प्रेसिडेंटच सगळं चालवतो," उर्वी म्हणाली.

"मला शिकवू नकोस. नागरिकशास्त्रात पैकीच्या पैकी होते मला!"

अहो, ते भारताच्या नागरिकशास्त्रात! पण मी पडलो पुठ्ठा. शिवाय एवढा नटलो होतो की खरंखोटं बघायला मला फुरसत कुठली?

प्रदर्शनात परीक्षक बाई समोर आल्या आणि पोरीचा चेहराच उतरला. माझ्यावरचं वाचावं तर मार्क जाणार. खरं सांगावं तर मागे उभ्या असलेल्या बाबांची चारचौघांत शोभा होणार. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सो, हू रन्स द कंट्री?" बाईंनी विचारलं.

उर्वीने एकदा बाबांकडे पाहिलं. मग मला गर्रकन फिरवलं आणि माझ्या कोऱ्या पाठीवर मार्करने मोठा चौकोन काढला: राष्ट्रपती. तिथून बाण सुटले. पंतप्रधान तो नेमतो, संसदेची मान्यता घेऊन. सत्तावीस प्रांतांचे गव्हर्नरही तोच नेमतो. सिनेटच्या तीनशेपैकी शंभर जागाही त्याच्याच हातात. लोक मत देतात, तो बाण तिने खालून वर काढला. मला इतक्या गुदगुल्या झाल्या, पण दात आवळून उभा राहिलो.

बाई मान डोलवत पुढे गेल्या. बाबांनी हळूच विचारलं, "तुला हे सगळं येत होतं?"

"यू नेव्हर आस्क्ड, बाबा."

 घरी आल्यावर बाबांनीच मला तिच्या खोलीत उभं केलं, नटवलेलं तोंड भिंतीकडे करून. वाईट वाटलं का? छे! आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर काहीतरी खरं लिहिलंय.

तेव्हा आईबाप हो, हात जोडतो. पोरांचा पुठ्ठा पोरांच्या हाती द्या. वाकडा झाला तरी मी तक्रार करणार नाही.