गोंगाटाचं अनुदान

वस्तीच्या समाजकेंद्रात जिन्याखाली तिरप्या छताची एक खोली होती. उंच माणसाला तिथे सरळ उभं राहता येत नसे, म्हणून ती कुणाला नको होती आणि म्हणूनच ती वहिनींना मिळाली. वहिनी बुटक्या, आणि त्यांचं काम बसून करायचं. कुठल्या ट्रस्टने, कुठल्या कंपनीने, कुठल्या मेलेल्या श्रीमंताने कशासाठी पैसे बाजूला ठेवलेत ते हुडकायचं आणि वस्तीतल्या ज्याला ते लागू पडतील त्याच्या पदरात पाडायचे.

न्हाव्याच्या मुलीला नर्सिंगला जायचं होतं, तेव्हा वहिनींनी सुऱ्या-कात्र्यांच्या एका कारखानदाराची शिष्यवृत्ती खणून काढली. ‘धारेच्या हत्यारावर पोट असलेल्यांच्या मुलांसाठी’ ती ठेवली होती, आणि वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं. ट्रस्टच्या म्हाताऱ्या वकिलाला इतका आनंद झाला, की तो मुलीच्या बापाकडून दाढी करून घ्यायला जातीने आला. वहिनी अर्जात खोटं कधी लिहीत नसत. खरं मात्र कुठल्या बाजूने दाखवायचं, हे त्या स्वतः ठरवत.

अशा वहिनींच्या घरातच एक दुखणं होतं. त्यांचे धाकटे दीर.

दीर निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांनी आपल्यासारखेच निवृत्त ड्रायव्हर, कंडक्टर आणि मेकॅनिक गोळा करून बँड काढला होता. केंद्राच्या हॉलमध्ये दुपारी त्यांचा सराव चाले. दीर ट्रम्पेट वाजवत. वस्ती त्यांना ‘उस्ताद’ म्हणायची. लोक ते चेष्टेने म्हणतात, हे त्यांना एकट्यालाच कळलं नव्हतं. वहिनींचा नवरा मोठा ड्रम बडवायचा. घरी तो दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप. उरलेलं सगळं ड्रमवर निघायचं.

हॉलच्या बरोब्बर वर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. एका दुपारी खाली ड्रमचा दणका बसला, वर खुर्चीतला पेशंट दचकला आणि बाईंच्या बोटाला कचकन चावला. बाई तशाच हातमोज्यानिशी केंद्राच्या सेक्रेटरींच्या केबिनमध्ये शिरल्या. सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी बँडला बजावलं, “हॉलच्या भिंती आवाज अडवतील अशा करून घ्या, नाहीतर दुसरी जागा बघा.”

उस्ताद तडक जिन्याखालच्या खोलीत आले आणि सवयीप्रमाणे छताला डोकं आपटून घेतलं.

“वहिनी, कलेवर संकट आलंय.”

“बसा भावजी. आधी डोकं चोळा.”

वहिनींनी एका संगीतप्रेमी ट्रस्टकडे अर्ज केला. ट्रस्टने वादनाचं रेकॉर्डिंग मागवलं. ते पाठवलं, तर उत्तर आलं, ‘रेकॉर्डिंगमध्ये बिघाड दिसतो, पुन्हा पाठवावे.’ पुन्हा पाठवलं. मग उत्तर आलं, ‘रेकॉर्डिंगमध्ये बिघाड नसल्याचे लक्षात आले. क्षमस्व.’

वहिनींनी ते उत्तर उस्तादांना दाखवलं नाही. त्या आणखी शोधत बसल्या आणि त्यांना नगरपालिकेचा एक निधी सापडला. गिरण्या, लोहारकाम, जनरेटर अशा कशाहीमुळे शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होत असेल, तर आवाज अडवायचा खर्च नगरपालिका देणार होती. अट एकच. आवाज खरोखर मर्यादेबाहेर असला पाहिजे.

वहिनी एकट्याच खुदकन हसल्या आणि लिहायला बसल्या. डॉक्टरीणबाईंनी त्रासलेले शेजारी म्हणून सही केली, ती इतक्या जोरात की कागद फाटता फाटता राहिला.

उस्तादांना सांगणं मात्र जड गेलं.

“म्हणजे मी गोंगाट?” ते लालबुंद झाले.

“कागदावर हो, भावजी. थोडेच दिवस.”

“आमच्या कलेला तुम्ही गिरणीच्या रांगेत बसवलंत?”

“गिरणीला पैसे मिळाले, भावजी. कलेला नाही मिळाले.”

उस्ताद उठून निघून गेले. वहिनींना वाटलं, पटलं असेल. तिथेच त्या फसल्या.

तपासणीच्या दिवशी नगरपालिकेच्या अधिकारी बाई आवाज मोजायचं यंत्र घेऊन आल्या. काटा लाल पट्ट्यात गेला, की काम फत्ते. वहिनी निर्धास्त होत्या. बँडवाले इस्त्रीचे शर्ट घालून ओळीत उभे होते, हे जरा खटकलं, पण पाहुण्यांसाठी असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं.

उस्तादांनी हात वर केला आणि बँड अंगाई वाजवू लागला.

इतकं हळू, की बाहेर कुणीतरी सायकल स्टँडला लावली तेही ऐकू आलं. उस्ताद ट्रम्पेटमध्ये जेमतेम श्वास सोडत होते. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने ड्रमवर जाडजूड टॉवेल घातला होता! तो त्यांची नजर चुकवून पंख्याकडे बघत राहिला. अपमानाचा सूड म्हणून भावांनी मिळून दिवसच्या दिवस ही तयारी केली होती, आणि घरात राहून वहिनींना पत्ता लागू दिला नव्हता.

दारात उभ्या डॉक्टरीणबाई कळवळून म्हणाल्या, “अहो, यांना नेमकं आजच कसं जमलं?”

अधिकारी बाईंनी यंत्र पुढे केलं. “काटा हिरव्यातच आहे. सुंदर वाजवतात की! पण मग हा अर्ज बसायचा नाही.”

उस्तादांनी विजयी नजरेने वहिनींकडे पाहिलं. एखादी खचली असती. वहिनींनी जोरात टाळ्या वाजवल्या.

“वा, भावजी! डोळ्यांत पाणी आलं. आता पाहुण्यांना तुमची ती ‘घाटातली एक्सप्रेस’ ऐकवा ना. तुमची स्वतःची चाल आहे ती.” मग हळूच, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत, त्या म्हणाल्या, “की नको? दम लागतो हो तिला. वय झालं आता.”

“वय?” उस्तादांची मान ताठ झाली.

डॉक्टरीणबाई हुशार. त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं. “ऐकवाच. मी वर रोज ऐकते. मला तर पाठ झालीय.”

आजवर उस्तादांना कुणी म्हटलं नव्हतं, की तुमची चाल मला पाठ आहे. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग बघता बघता विरघळला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. वहिनींच्या नवऱ्याने एकदा भावाकडे, एकदा बायकोकडे पाहिलं आणि टॉवेल काढून खांद्यावर टाकला.

एक्सप्रेस सुटली. पहिल्या वळणावर खिडकीच्या काचा थरथरल्या. दुसऱ्या वळणावर अधिकारी बाईंचा चहाचा कप टेबलावरून सरकू लागला. घाट उतरताना क्लॅरिनेट एकीकडे गेलं, ट्रम्पेट दुसरीकडे, आणि ड्रम दोघांच्या मागे धावला. काटा लाल पट्ट्यात गेला आणि तिथेच चिकटून बसला.

शेवटचा दणका झाल्यावर उस्ताद घाम पुसत पुढे आले. “कसं वाटलं?”

अधिकारी बाईंनी कानावरचे हात काढले. “इतक्या वर्षांच्या नोकरीत असं ऐकलं नव्हतं,” त्या म्हणाल्या, आणि उस्तादांनी वाकून नमस्कार केला.

निधी मंजूर झाला. भिंतींना जाड गाद्यांसारखं अस्तर लागलं, दुहेरी दारं आली, खाली गालिचा पसरला. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या बँडचे दात फुकट तपासून दिले.

पण नव्या हॉलमधल्या पहिल्याच सरावाला भलतंच झालं. आधी भिंतींवरून घुमून सगळ्यांचा आवाज एकमेकांत मिसळायचा. आता प्रत्येकाचा सूर उघडा पडला. थोडं वाजवून सगळे थांबले.

“हे बेसूर कोण वाजवतंय?” उस्तादांनी दरडावून विचारलं.

सगळे आपापल्या वाद्यांकडे बघू लागले. शेवटी ड्रममागून थोरला भाऊ म्हणाला, “तूच.”

उस्ताद ट्रम्पेट काखेत घेऊन जिन्याखाली आले. खुर्चीत बसले. ट्रम्पेट मांडीवर ठेवलं.

“वहिनी, तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

वहिनी जरा ओशाळल्या. “वाजवताना तुम्ही इतके खूश दिसता, भावजी. धीरच झाला नाही.”

उस्तादांनी ट्रम्पेटवरचा डाग बाहीने पुसला. “या वयात शिकायला कुणी पैसे देतं का हो?”

देत होतं. साठी उलटल्यावर वाद्य शिकू पाहणाऱ्यांसाठी शहरातल्या संगीतशाळेची एक शिष्यवृत्ती होती. उस्तादांना ती मिळाली आणि प्राथमिक वर्गात नऊ वर्षांच्या एका मुलीशेजारी जागा मिळाली.

एका संध्याकाळी ते क्लासवरून थेट घरी आले. वहिनींनी चहा पुढे ठेवला.

“आज सर म्हणाले, माझा सूर त्या पोरीपेक्षा बरा लागतो.”

“अरे वा!”

“वा काय? पोरगी रडली.” उस्तादांनी चहाचा घोट घेतला. “उद्या मुद्दाम जरा चुकवेन म्हणतो.”

वहिनींच्या नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं.

“मुद्दाम?”