लाकडी भोंग्याने ऐकलेले ठोके

मी एक जुना लाकडी भोंगा आहे. मिरवणुकीत कान किटवणारा तो नव्हे हो! मी जेमतेम वीतभर. माझं रुंद तोंड आईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा, की आतल्या बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू येतात.

मित्रांनो, पांढुर्ण्याच्या एका सुताराने मला सागवानातून घडवलं. सौसरकडच्या एका गावात सुशीला नर्सदीदींच्या पिशवीतून मी वीस वर्षं हिंडलो. शेकडो बाळांची ओळख मला त्यांच्या बापांआधी झाली. मग सेलवर चालणारं यंत्र आलं आणि माझी रवानगी दीदींच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात झाली. खोटं कशाला बोलू, दीदींचा फार राग आला होता मला.

एके दिवशी संत्रातोडीला जाणारी पल्लवी दीदींकडे आली. तिला आणि तिच्या नवऱ्याला, स्वप्निलला, एचआयव्हीची लागण होती. दोघंही रोज न चुकता गोळ्या घेत. अशांनी नसबंदीच करून घ्यावी, असं दीदी ठामपणे सांगत आल्या होत्या. पल्लवीचं नावही त्यांनी तिला न विचारता शिबिराच्या यादीत घातलं होतं.

ते कळल्यावरच ती आली होती. तिने दार आतून लोटून घेतलं. "दीदी, मले लेकरू पायजे. आताच नाई, घर बांधून झाल्यावर. पण ऑपरेशन केलं तं कायमचंच गेलं न?"

दीदींचं तोंड उतरलं. "मलेच पुरतं मालूम नाई पोरी. विचारून येतो."

जिल्ह्याच्या दवाखान्यातून त्या आल्या, त्या वेगळ्याच होऊन. त्यांनी पल्लवीला समजावलं: गोळ्यांनी रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका दबला, की डॉक्टरांच्या सल्ल्याने मूल होऊ देता येतं. बाळंतपण दवाखान्यात करायचं, जन्मल्यावर बाळालाही औषध द्यायचं, मग बाळाला लागण होण्याची भीती फार थोडी उरते. तोवर दोघांनी निरोध वापरायचा.

"परिवार नियोजन म्हंजे फक्त थांबवणं नसते," दीदी म्हणाल्या. "कधी पायजे, तेही तूच ठरवजो. यादीतून तुझं नाव कापलं मी. चुकलं माझं."

एवढ्या मानाच्या बाईने असं कबूल केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. माझा राग तिथेच विरला.

दोन वर्षांनी पल्लवी सातव्या महिन्याचं पोट घेऊन स्वप्निलसोबत आली. नेमके यंत्राचे सेल संपले होते. दीदींनी मला पुसून तिच्या पोटावर टेकवलं आणि म्हणाल्या, "स्वप्निल, तू ऐक."

त्याने भीत भीत कान लावला. माझ्यातून ठोके धावत गेले. "अरे बाप! घोडा पळून राहिला दीदी!"

"मंग मलेच काहून ऐकू येत नाई?" पल्लवी रडकुंडीला आली. खरंच, आईची मान स्वतःच्या पोटापर्यंत पोचतच नाही. तेव्हा स्वप्निलने कान न हलवता तिचा हात ओढला आणि ऐकू येईल तसा एकेक ठोका बोटाने तिच्या तळहातावर वाजवू लागला. पल्लवी श्वास रोखून हाताकडे बघत राहिली. इतकी बाळं ऐकली मी, पण असा थरार कधी अनुभवला नव्हता.

पोरगी झाली. दीड वर्ष तपासण्या चालल्या आणि शेवटच्या तपासणीतही लागण नसल्याचं निघालं. दीदींनी दार बंद करून ते सांगितलं, कारण ही गोष्ट त्या दोघांचीच होती.

मित्रांनो, मला जपून ठेवा, असं मी म्हणणार नाही. लाकूडच मी, एक दिवस चिरणारच. पण कुणाच्या संसाराचा निर्णय परस्पर करू नका. आधी त्यांना विचारा. पल्लवी त्या दिवशी गप्प बसली असती, तर ते ठोके जगात कुणालाच ऐकू आले नसते.