संध्याकाळचीच का जाते ही ट्यूब

माझं डोकं फिरलं की मी मोठ्याने बोलते, हे कॉटन ग्रीनच्या आमच्या अख्ख्या चाळीला माहीत आहे. पण आमच्या खोलीच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली, तेव्हापासून मी घरात तोंडाला कुलूप लावलं होतं. पलीकडे माझा दीर मयूर आणि जाऊ अपेक्षा. प्लायमधून शिंक ऐकू जाते, तिथं आपल्या घरातला शब्द त्यांना फुकट कशाला ऐकवा? फोनसुद्धा मी गॅलरीत जाऊन घ्यायचे.

आणि पलीकडेच माझ्या सासूबाई, रखमाबाई. खरा राग त्यांचाच. एवढी वर्षं त्यांचे केस मी विंचरले, पाय मी चेपले, दवाखान्याच्या लायनीत मी उभी राहिले, आणि वाटण्या झाल्या तर बाई मयूरच्या भागात! एका शब्दाने म्हणाल्या नाहीत की मी नम्रताकडे राहते. तेव्हापासून मी तिकडचा उंबरठा ओलांडला नव्हता. आता येत्या रविवारी मयूर खोली भाड्याने देऊन बदलापूरला चालला होता, आईंना घेऊन. जाऊ देत, माझं काय जातंय, असं मी म्हणत होते. म्हणत होते खरी, पण भाकरी थापताना हात मध्येच थांबायचा.

अशात ही ट्यूब.

संध्याकाळी मी गॅस पेटवून कांदा टाकला, की फट्! अंधार. पंखा चालू, फ्रीज चालू, शेजारणीचा टीव्ही चालू. फक्त माझ्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यातली ट्यूब गेलेली. मग कुठलं कुलूप नि कुठलं काय! "जळ्ळं मेलं, आत्ताच मरायचं होतं हिला! कांदा करपला ना माझा! कोणी बनवली ही ट्यूब, हात झडले त्याचे!" असा माझा पट्टा सुरू व्हायचा. तो संपेपर्यंत ट्यूब आपोआप लख्ख पेटायची, जसं काही झालंच नव्हतं.

माझा नवरा संघर्ष कामावरून आला की वर बघायचा. "मस्त चालू आहे की."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाय गं. पण माझ्यासमोर कशी जात नाही कधी?"

"तुम्हाला घाबरते ती," मी म्हटलं आणि ताट आदळलं.

खालच्या मजल्यावरचा जगदीश वायरमन आहे. त्याने आधी ट्यूब बदलली. मग अख्खी फिटिंग काढून नवी एलईडीची पट्टी लावली. मग बटण बदललं. दरवेळी त्याच्यासमोर ती गुणी बाळासारखी जळत राहायची आणि तो जिना उतरला की पुढच्या संध्याकाळी परत फट्. "वहिनी, सगळं ओके आहे," तो डोकं खाजवत म्हणाला. "मला कायच कळत नाय. वाफेने होत असेल."

मग मी कुकर बंद केला. तरी गेली. फोडणी खिडकीशी सरकून दिली. तरी गेली. एकदा तर काहीच शिजवलं नाही, नुसती भांडी घासत होते. तरी गेली! उंदीर म्हणावा तर उंदराला घड्याळ कळतं का? मला आता स्वतःचीच भीती वाटायला लागली. बाई, तुझं डोकं तर ठिकाणावर आहे ना, असं मी आरशात बघून विचारलं.

गुरुवारी मी ठरवलं, आज काय वाट्टेल ते होऊ दे, तोंड उघडायचं नाही. ट्यूब गेली. मी गप्प. ती आली. मी गप्प. परत गेली, परत आली, गेली, आली. नाच नुसता! शेवटी मला राहवलं नाही. "अगं बये, थांब ना आता!" मी किंचाळले. आणि ती थांबली. लाईटला कान असतात का?

शुक्रवारी गेली तेव्हा मी काही न बोलता, कांदा गॅसवर तसाच सोडून, उलथन्यासकट स्टूल ओढलं, मोबाईलचा टॉर्च पेटवला आणि वर चढले. फिटिंगमधून निघालेली वायर वाटणीनंतर बसवलेल्या आमच्या नव्या बोर्डाकडे उतरत होती, ते ठीक. पण बाजूने आणखी एक जुनी, काजळलेली वायर छताला धरून सरळ निघाली होती, ती थेट प्लायमधल्या भोकातून पलीकडे. पलीकडे!

डोक्यात जाळ झाला. अपेक्षा! एवढे दिवस मला वेडी करायला निघाली होती ही! मी हातातलं उलथनं घेऊन तशीच बाहेर पडले. जिन्यातून संघर्ष वर येत होता, त्याने काहीतरी विचारलं, मी ऐकलंच नाही. पलीकडचं दार नुसतं लोटलेलं होतं. धाडकन उघडलं.

अपेक्षा कामावरून आलेलीच नव्हती. खाटेवर आई एकट्या, भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांचा हात उशाशी असलेल्या जुन्या बोर्डावर होता. तो बोर्ड मेलेला आहे असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

"आई, तुम्ही?"

"मी," त्या म्हणाल्या. लाज ना शरम.

"पण कशाला? कांदे करपवले माझे! त्या जगदीशला येडा केलात!"

"आज ओरडली नाहीस ती?" त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "एरवी तुझा आवाजच येत नाही गं इकडे. एकदा असंच चुकून बटण दाबलं गेलं आणि तू जी सुरू झालीस... लई बरं वाटलं. मग रोजच दाबायला लागले."

मला सुचलं ते वाकडंच. "एवढा आवाज पाहिजे होता, तर मयूरकडे कशाला गेलात?"

"मी कुठं गेले? माझी खाट होती तिथंच आहे. फळ्या तुम्ही मारल्या. कुठल्या बाजूला राहतेस, असं मला कोणी विचारलं?"

कोणीच विचारलं नव्हतं. मयूरने मापं घेतली, संघर्षने खिळे ठोकले आणि मी कोपऱ्यात रुसून उभी होते. मला रडू फुटलं. राग होता, लाज होती, की नुसतंच त्यांना इतक्या दिवसांनी जवळून बघितलं म्हणून, मला सांगता येणार नाही.

"परवा बदलापूर," आई हळूच म्हणाल्या. "तिथं कुठलं बटण दाबू?"

"आमच्याकडे राहाल?"

"विचारतेस?"

"विचारते."

"मग राहते."

मी प्लायवर उलथनं आपटलं. "अहो! ऐकताय का? मयूरला फोन लावा, आई कुठेही जात नाहीत! आणि खाट उचलायला या!"

"आधी लाईट तर लाव!" पलीकडून संघर्ष ओरडला. "इथं काही दिसत नाही, आणि करपतंय काहीतरी!"

मी बोर्डाकडे हात नेला, तर आईंनी तो धरून ठेवला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "अजून थोडं ओरड."