उजवीकडची पाती

दुकानाच्या पायरीशी झोपलेलं कुत्रं उठलं आणि शेपूट पायांत घालून शेजारच्या खाटकाच्या ओट्याखाली जाऊन बसलं. एवढ्यावरून धारवालीला कळलं, की लेक येतोय. कुत्र्याला त्यानं लाथ घातली होती ती कधीची, पण मुकं जनावर विसरत नाही. विसरायचं काम आईचं.

"आई, शटर ओढू?" धाकटीनं विचारलं. ती स्टुलावर बसून कात्र्यांना तेल लावत होती.

"ओढलंस तर शटरच उखडून विकेल तो. गप बस."

नवऱ्यामागं धारवालीनं हे दुकान एकटीनं चालवलं होतं. रुंदीला एका खाटेएवढं. मधोमध मोटरवर फिरणारं दगडी चाक आणि पुढ्यात लाकडी ट्रे, ज्याच्या मध्यावर एक पट्टी ठोकलेली. गिऱ्हाइकानं आणलेलं बोथट पातं पट्टीच्या डावीकडे, धार लागलेलं उजवीकडे. हा नवऱ्याचा दंडक. "एकदा सरमिसळ झाली की कुणाचं तरी बोट जाणार," असं तो म्हणायचा. पोरगा चालायला लागला तेव्हा त्याला पहिला धडा हाच मिळाला, की उजवीकडे हात न्यायचा नाही. डावं-उजवं काय ते त्याला या ट्रेनंच शिकवलं. शाळेत बाईंनी उजवा हात वर करायला सांगितलं, की तो आधी मनातल्या मनात दुकानात येऊन जायचा.

काय दिवस होते ते! चाकावरून ठिणग्या उडायच्या आणि पोरगं त्या पकडायला धावायचं. मुठीत काही सापडायचं नाही, तरी मूठ घट्ट मिटून बापाकडे न्यायचं. बाप ती मूठ उघडून बघायचा आणि "बापरे, केवढी!" म्हणायचा. गल्लीनं त्याचं नावच ठिणग्या ठेवलं.

मोठा होऊन ठिणग्या काचा बसवायच्या कामाला लागला. हात सोन्याचा होता. एकदा शिडीवरून पडला आणि खांदा निखळला. डॉक्टरनं आठवडाभराच्या गोळ्या दिल्या. आठवडा सरला, दुखणं सरलं नाही. कोपऱ्यावरचा औषधवाला ओळखीचाच, चिठ्ठी नसली तरी पाकिटातून चार-चार गोळ्या कापून द्यायचा. म्हणायचा, "घरचाच पोरगा आहे." ज्या कात्रीनं तो गोळ्या कापायचा तिला धार धारवालीच लावून द्यायची. पुढं गोळ्यांनी भागेना, तेव्हा पाण्याच्या टाकीमागची पोरं भेटली आणि भुकटी आली. टाकीमागं आता गल्लीतल्या निम्म्या घरांची पोरं बसत होती. प्रत्येक घर दुसऱ्याच्या पोराचं नाव घेऊन हळहळायचं आणि आपलं दार लावून घ्यायचं.

मग घरात हात उठायला लागला. एकदा त्यानं धारवालीचं करंगळीशेजारचं बोट दारात चेमटवलं. एकदा मिक्सर न्यायला आला आणि आडव्या आलेल्या धाकटीचं डोकं भिंतीवर आपटलं. भिंतीवरचा डाग धारवालीनं चुन्यानं झाकला. विचारणाऱ्याला ती "पाय घसरला" म्हणून सांगायची. तिचा पाय इतक्यांदा घसरला, की शेवटी लोकांनी विचारायचंच सोडलं.

तिनं एकच केलं. घरातली सगळी पाती दगडावर उलटी घासून बोथट करून टाकली. गल्लीभर सुऱ्यांना धार लावणाऱ्या बाईच्या घरात कांदा बुक्कीनं फुटायचा, पाव हातानं तुटायचा. "मावशी, सोनाराचे कान टोचायचे कुणी?" म्हणून खाटीक चेष्टा करायचा. तीही हसायची.

आज ठिणग्या वळणावर दिसला. धावत नव्हता, भरभर चालत होता, आणि चालताना ओठ हलत होते. असा यायचा तेव्हा कुणाचं तरी रक्त निघायचं. धारवालीनं समोर पाहिलं. उजवीकडे शिंप्याच्या कात्र्या, कांदे चिरायच्या सुऱ्या, सगळं लखलखीत. डावीकडे सकाळीच आलेला खाटकाचा सुरा, पार बोथट. एवढं सगळं उचलून ठेवायला वेळ नव्हता. तिचे दोन्ही हात पुढं झाले आणि तिनं अख्खा ट्रे गर्रकन फिरवला. डावं उजवीकडे गेलं, उजवं डावीकडे. हे आपण का केलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"मोटर काढ," तो दारातूनच म्हणाला.

"जेवलास का रे?"

"मोटर काढ म्हणतोय. जेवण गेलं खड्ड्यात."

"दादा, मोटर नेलीस तर आम्ही खायचं काय?" धाकटी उठून मध्ये उभी राहिली.

"तू नवऱ्याला टाकून आलीस ना इथं फुकट गिळायला? हो बाजूला."

"नवराही तुझ्यासारखाच निघाला. एकाला टाकलं, दुसऱ्याला नाही टाकता येत."

त्यानं तिच्या तोंडावर ठोसा मारला. ती स्टुलावर पडली, स्टूल मोडलं. धारवालीनं त्याचा शर्ट धरला, तर कोपराचा तडाखा तिच्या छातीत बसला आणि ती भिंतीला टेकली. तो मोटरच्या वायरी उपसायला लागला. धाकटी तोंड पुसत उठली आणि चाकाला मिठी मारून बसली.

तेव्हा त्याचा हात ट्रेकडे गेला. डावी बाजू त्याच्या जवळ होती. तिच्यावरून, मधल्या पट्टीवरून हात पुढं सरकला आणि त्यानं उजवीकडचा सुरा उचलला.

त्यानं वार मानेवर केला. धाकटीनं मान चुकवली, सुरा खांद्यावर बसला, आणि हाड मोडल्याचा आवाज धारवालीनं स्पष्ट ऐकला. कातडी सोलली, रक्त आलं, पण हात तुटला नाही. त्यानं सुरा पुन्हा उगारला. धारवाली पुढं झाली आणि तिनं पातंच मुठीत धरलं. तो खेचायला लागला, तसं तिनं अजून घट्ट आवळलं.

तो तिच्या मुठीकडे बघत राहिला. बोटं गळून पडायला हवी होती. मग त्यानं ट्रेकडे पाहिलं. सगळी लखलखीत पाती डावीकडे होती.

"आई," तो म्हणाला. आवाज एकदम लहानपणचा, खेळात कुणी फसवल्यासारखा. "तू ट्रे फिरवलास."

तेवढ्यात खाटकानं मागून येऊन त्याला खाली दाबलं. तो ओरडत राहिला, शिव्या देत राहिला. धारवालीला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

दवाखान्यात धाकटीचा खांदा बांधून झाल्यावर हवालदार जबाब घ्यायला आला. भला माणूस होता.

"बाई, सुरा पाहिला मी. त्यानं लोणीही कापलं जायचं नाही. पोरगं नशेत होतं, भीती घालायला उचलला असेल. घरातली मारामारी म्हणून घेऊ का? लवकर सुटेल."

औषधवालाही विचारपूस करायला आला होता. तो लगेच म्हणाला, "खरंय मावशी. नशेत माणसाला डावं-उजवं तरी कळतं का?"

धाकटीनं डोळे मिटून घेतले. आई आता काय म्हणणार, ते तिला पाठ होतं.

धारवालीनं आपली मूठ उघडून पाहिली. तळव्यावर सुऱ्याची लाल रेघ उठली होती, रक्त नव्हतं. एवढी वर्षं ती म्हणत आली, की नशा हात उचलते, पोरगा नाही. पण ट्रे फिरवताना तिच्या हातांना ठाऊक होतं, की तो उजवीकडचंच उचलणार. तो डावीकडचा बोथट सुरा उचलेल असं जर हातांना वाटलं असतं, तर त्यांनी ट्रे फिरवला असता का?

"त्याला कळतं," ती म्हणाली. "डावं-उजवं त्याला मीच शिकवलंय. आमच्याकडे उजवीकडे धार लावलेलं असतं, साहेब. आज मी ट्रे फिरवला होता. त्यानं जवळचं सोडून उजवीकडचं उचललं. बहिणीला मारायलाच उचललं. असं लिहा."

हवालदारानं तिच्याकडे पाहिलं. "बाई, याचा अर्थ कळतोय ना? बरीच वर्षं आत जाईल."

"लिहा."

औषधवाल्यानं घसा खाकरला. "माझी कात्री तुमच्याकडे आहे, मावशी. सवडीनं..."

"घेऊन जा," ती म्हणाली. "तशीच घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी तिनं दुकान उघडलं. ट्रे तसाच होता, फिरवलेला. तिनं तो उचलून पुन्हा सरळ लावला. घरून पदरात गुंडाळून आणलेली कांद्याची सुरी काढली, चाक सुरू केलं आणि तिला धार लावली. ठिणग्या उडाल्या, फरशीवर पडून विझल्या. कुत्रं पायरीशी झोपलं होतं. अंगठ्याच्या नखावर पातं तपासून तिनं ते उजवीकडे ठेवलं.

संध्याकाळी शटर ओढताना सुरी तिथंच राहिली. घरी धाकटी एका हातानं पाव धरून बसली होती. धारवालीनं तो घेतला आणि नेहमीसारखा हातानंच तोडला.